दुसरी प्रत

भागीरथीबाईंच्या दंडावरची साखर मोजणारी चकती सकाळी साडेसातला किणकिणली. ऊर्मिलाने चहाचं पातेलं खाली ठेवून फोन पाहिला. साखर तीनशे बारा. काल दोनशे ऐंशी होती, परवा दोनशे साठ.

"आई, काल काही गोड खाल्लंत का?"

"कशाचं गोड?" सासूबाई खाटेवरूनच म्हणाल्या. "दोन टायमाची भाकरी आन् तुझी ती केशरी. दोन चमचे घेती रोज. इजूच देती हातानं."

ऊर्मिलाची नजर आपसूक ओट्याच्या टोकाला गेली. तिथं विजूताईंचा स्टीलचा डबा पिशवीत घालून, पिशवीचं तोंड बांधून तयार होता. आज गुरुवार होता. गेले तीन महिने दर गुरुवारी विजूताई हा डबा घेऊन घराबाहेर पडायच्या आणि दुपारी रिकामा घेऊन यायच्या. कुठं जाता म्हणून विचारलं, तर "जरा जाऊन येती," एवढंच उत्तर मिळायचं.

विजूताई म्हणजे ऊर्मिलाची थोरली नणंद. नवरा गेल्यावर बारा वर्षांपूर्वी माहेरी आल्या आणि डांग्यांच्या घराचा कणा होऊन बसल्या. ऊर्मिला नोकरीवर जायची तेव्हा तिच्या लेकीच्या वेण्या विजूताईंनीच घातल्या होत्या. आता लेक बंगळुरूला शिकत होती, आणि विजूताई गावातल्या केशरीच्या खोलीच्या प्रमुख होत्या. खोलीची किल्ली त्यांच्या कमरेला असायची.

केशरी हे औषध गावोगावी येऊन सहा वर्षं झाली होती. शिळ्या पावाला, उकडलेल्या कणसाला एका दिवसात नारिंगी कापसासारखी जी बुरशी धरते, तीच ही. प्रयोगशाळेतल्या माणसांची ही शंभर वर्षांची सोबतीण. साध्या साखरपाण्यावर वाढते, तासाला तीन-चार मिलिमीटर पुढं सरकते, तिचे धागे नुसत्या डोळ्यांनी मोजता येतात. एक जनुक बिघडलं की एक प्रथिन बिघडतं, हे माणसाला पहिल्यांदा हिनंच शिकवलं. एवढी ओळखीची झालेली बुरशी कामाला लावायची कल्पना कुणाला तरी सुचली. तिच्यात माणसाच्या इन्सुलिनचं जनुक बसवलं आणि ते इन्सुलिन पोटातल्या आम्लातून सुखरूप पार पडावं म्हणून त्याला प्रथिनाचं एक कवच जोडलं. एका जनुकानं अर्धाच गुण यायचा, म्हणून त्याच्या दोन प्रती बसवल्या. बस्स. उसाचा चोथा तापवायचा, परातींत पसरायचा, केंद्रातून आलेलं बियाणं शिंपडायचं. पाच दिवसांत परात नारिंगी होते. वाळवून दळली की दोन चमचे ताकातून घ्यायची. सुई नाही, शीतपेटी नाही, शहराची वाट बघणं नाही.

हिंगणवाडीत एकोणीस माणसं केशरी घेत होती. ऊर्मिला तालुक्याच्या केंद्रात गुणवत्ता तपासनीस होती. कोल्हापूरला बुरशीशास्त्र शिकलेली, आणि आपल्या तालुक्यात सहा वर्षांत एकही तक्रार नाही याचा अभिमान बाळगणारी.

त्या गुरुवारी केंद्रात जाऊन तिनं गावातल्या सगळ्या चकत्यांचे आकडे काढले. एकोणिसातल्या तेरा जणांची साखर महिनाभर हळूहळू चढत होती.

तिनं परातींतले नमुने आणले आणि ओळखपट्टी बुडवली. ही पट्टी आपल्या औषधाच्या जनुकाशेजारी मुद्दाम लिहून ठेवलेली एक खूण वाचायची. खूण सापडली की पट्टी निळी. सगळ्या पट्ट्या निळ्या झाल्या. म्हणजे परातीतली बुरशी आपलीच होती. मग तिनं घरोघरी वाटलेली भुकटी जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत पाठवली. आठ दिवसांनी निकाल आला. औषधाचा अंश पाहिजे त्याच्या पाचव्या हिश्श्याइतका.

परातीत अस्सल आणि वाटीत कमअस्सल. मधे काय होतं? मधे वाळवण, दळण, वाटप. आणि विजूताई.

एकदा संशय मनात शिरला की तो घरातल्या प्रत्येक वस्तूवर बसतो. विजूताईंनी दार ओढून घेतलं तर ऊर्मिलाला वाटायचं, का ओढलं? त्या फोनवर हळू बोलल्या की कुणाशी? एकदा त्यांच्या नखांत नारिंगी भुकटी दिसली. रोज खोलीत काम करणाऱ्या बाईच्या नखांत ती असणारच, पण ऊर्मिला रात्री जेवताना त्या नखांकडेच बघत राहिली.

पुढच्या गुरुवारी विजूताई अंघोळीला गेल्या तेव्हा तिनं पिशवीची गाठ सोडली. डब्यात केशरीच होती, काठोकाठ. चमचाभर काढून तिनं कागदात बांधली आणि गाठ होती तशी मारली. आपल्याला नेमकी कुणाची लाज वाटतेय, हे तिला कळत नव्हतं.

या नमुन्याचा निकाल आला तेव्हा तिनं तो दोनदा वाचला. औषधाचा अंश पूर्ण. शंभराला शंभर.

तिनं नवऱ्याला गॅरेजवर जाऊन सांगितलं. प्रमोद एका स्कूटरची बॅटरी उघडून बसला होता.

"चांगला माल बाहेर जातोय, प्रमोद. आणि आपल्या आईला पाचवा हिस्सा मिळतोय."

"ताई असं करणार न्हाई," तो म्हणाला.

"मग डबा कुठं जातो ते विचार तिला."

"विचारलं मी मागंच. सांगत न्हाई." त्यानं पक्कड खाली ठेवली. "पण न सांगणं म्हंजे चोरी न्हवं."

"आईंचा अंगठा बघितलास का? काळा पडत चाललाय. मी तपासनीस आहे. माझ्याच घरातलं माणूस म्हणून मी गप्प बसू?"

प्रमोदनं पक्कड उचलली आणि तो पुन्हा बॅटरीकडं वळला. ऊर्मिलाने तो होकार धरला.

सोमवारी बचत गटाच्या खोलीत बैठक भरली. तेराही घरांची माणसं आली होती. ऊर्मिलाने आकडे वाचून दाखवले, पट्टीचे, भुकटीचे, डब्याचे. कागद तिच्याकडं होते आणि कागद खोटं बोलत नव्हते. खोलीत कुजबुज वाढत गेली. विजूताई भिंतीला टेकून बसल्या होत्या, पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला.

"वन्सं, डबा कुठं जातो?" ऊर्मिलाने विचारलं.

"परातीतल्या मालाला मी हात लावला न्हाई."

"मग डब्यातला माल कुठला?"

"ते सांगायचं न्हाई मला. तुला तर मुळीच न्हाई." विजूताईंचा आवाज चढला नव्हता. "तू ऊर्मी म्हणून इचारतीस का तपासनीस म्हणून, ते आधी ठरीव."

"आज तपासनीस म्हणूनच."

"मग न्हाईच सांगत."

मागून एक म्हातारा ओरडला, "आमच्या जिवाशी खेळ करतीस काय गं?" त्याच्या बायकोचे डोळे अधू होत चालले होते. विजूताईंनी त्याच्याकडं पाहिलं, कमरेची किल्ली सोडली आणि सतरंजीवर ठेवली. त्या घरी आल्या, दोन लुगडी आणि पांघरूण घेतलं, आईच्या पायाला हात लावला आणि निघून गेल्या. भागीरथीबाई दोन दिवस ऊर्मिलाशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांना ताप भरला आणि तालुक्याच्या दवाखान्यात न्यावं लागलं. तिथं डॉक्टरांनी इन्सुलिनची सुई चालू केली आणि उजव्या पायाची दोन बोटं काढली.

केशरीची किल्ली आता ऊर्मिलाकडं होती. तिनं रजा टाकली आणि पुढचा घाणा स्वतःच्या हातानं घातला. गटातल्या कुणालाही आत येऊ दिलं नाही. चोथा स्वतः भरला, उन्हावर तापणाऱ्या सूर्यपेटीत पासष्ट अंशांवर अर्धा तास ठेवला, बियाणं स्वतः शिंपडलं. वाळवणावर स्वतः बसून राहिली. दळून पुड्या बांधल्या आणि नमुना जिल्ह्याला पाठवला.

निकाल आला. सहावा हिस्सा.

ऊर्मिला केंद्रातल्या स्टुलावर बसली. बाहेर कुणीतरी तिला चहाला हाक मारत होतं. खोलीत तिच्याशिवाय कुणीही नव्हतं. किल्ली तिच्याच कमरेला होती. मग चोर कोण?

पहिल्यांदाच तिनं माणसं सोडून बुरशीकडं संशयानं पाहिलं.

परातीतला एकेक धागा वेगळा वाढवून तिनं तळहाताएवढ्या वाचनयंत्रात घातला. हे यंत्र जनुकातली अक्षरं एकामागून एक वाचायचं. शेजारची खूण जागेवर होती, म्हणूनच पट्टी निळी होत होती. औषधाचं जनुकही जागेवर होतं, दोन्ही प्रतींत. पण त्यातली अक्षरं कुणीतरी वाळवी लागल्यासारखी खाल्ली होती. सगळीकडं एकच बदल, सी च्या जागी टी. दोन्ही प्रतींत शेकडो ठिकाणी. त्या मजकुरातून इन्सुलिन होणं शक्यच नव्हतं.

"नाही," ती स्वतःशीच म्हणाली. "हे लग्नाशिवाय होत नाही."

या बुरशीत नर-मादी नसतात, पण दोन जाती असतात, आणि मीलन फक्त दोन वेगळ्या जातींतच होतं. केंद्र सगळ्या गावांना एकाच जातीचं बियाणं द्यायचं, ते याचसाठी. ती नुसती वाढावी, मीलन होऊच नये. कारण मीलनाच्या वेळी तिचा एक विलक्षण स्वभाव जागा होतो. दोघांची केंद्रकं एका पेशीत शेजारी येतात, पण अजून एकजीव झालेली नसतात. त्या मधल्या वेळात ती आपला सगळा जनुकसंच धुंडाळते. कुठलाही मोठा मजकूर दोनदा लिहिलेला सापडला की ती तो घुसखोर समजते. निसर्गात असे घुसखोर असतातच, स्वतःच्या नकला काढत पसरणारे. त्यांच्यापासून वाचायला तिनं हा उपाय केला आहे. अस्सल कोणती आणि नक्कल कोणती, याची चौकशी ती करत नाही. दोन्ही प्रती नासवून टाकते.

माणसानं औषध वाढावं म्हणून दोन प्रती बसवल्या होत्या. नेमकं तेच तिला खुपलं होतं.

पण दुसरी जात आली कुठून? ऊर्मिला खोलीच्या मागं गेली. वापरलेला चोथा तिथं ढीग करून टाकलेला असायचा. त्याच्या शेजारीच नवा चोथा. आणि कुंपणापलीकडं जळीत ऊस. तोडीला माणसं मिळेनात तशी अलीकडं उसाचे फड आधी पेटवून मग तोडायची रीत वाढली होती. ती कुंपणावरून वाकली. जळक्या बुडख्यांवर, काळ्यावर नारिंगी, कुंकवाची बोटं उमटवावीत तशी बुरशी आली होती. रानची बुरशी, दोन्ही जातींची. आग लागली की ती येतेच. वाऱ्यानं ती ढिगावर आली होती, केशरीशी तिचं मीलन झालं होतं, आणि त्यातून काळ्या कवचाचे बीजाणू तयार होऊन शेजारच्या नव्या चोथ्यात मिसळले होते.

हे काळे बीजाणू वर्षानुवर्षं निजून राहतात. त्यांना जागं करायला आग लागते, नाहीतर आगीची चाहूल. साठ-पासष्ट अंशांची ऊब अर्धा तास मिळाली, की ते फुटतात.

पासष्ट अंश. अर्धा तास.

ऊर्मिला ढिगाच्या कडेलाच बसली. दोन वर्षांपूर्वीपर्यंत चोथा तासभर खळखळा उकळायचे. बायकांची गॅस आणि वेळेची तक्रार होती. ऊर्मिलाने केंद्रात प्रयोग केले, पासष्ट अंशांवर अर्ध्या तासात सगळ्या भुरट्या बुरश्या मरतात हे दाखवलं, आणि सूर्यपेटीचं पत्रक काढलं. मरत होत्याच. पण तिनं तपासले होते साधे, नारिंगी बीजाणू. काळ्यांचा विचारच केला नव्हता. जिथं लग्नच होणार नाही, तिथं लेकराबाळांचा विचार कोण करतो? त्या पत्रकासाठी तिचा सत्कार झाला होता. पत्रकाखाली तिची सही होती.

औषधाचं ओझं नसलेली ती पोरं परातीत भराभर वाढत होती आणि केशरीला जागा उरत नव्हती. विजूताईंनी काही केलं नव्हतं. मग त्यांच्या डब्यात शंभराला शंभर कसं?

ओढ्यापलीकडच्या माळावर बीडकडची ऊसतोड टोळी उतरली होती. उताराच्या रानांत यंत्र चालत नाही, तिथं अजून कोयताच लागतो. प्रमोदनंच तिला सांगितलं की ताई तिथं आहे. ऊर्मिला गेली तेव्हा दुपार होती. एका पालापुढं तीन दगडांवर पत्र्याचं पिंप उकळत होतं आणि विजूताई त्यात लाकडानं चोथा ढवळत होत्या.

"तपासनीस आल्या," त्या पिंपाकडं बघतच म्हणाल्या. "उचला. पंचनामा करा."

"वन्सं..."

"अकरा माणसं हाईत हितं साखरेची. सहा म्हैने हितं, सहा म्हैने गावाकडं. केशरीची यादी केली तवा ती हितं न्हवती, आन् त्यांच्या गावच्या यादीत बी न्हाईत. पारूबाईचा पाय तुझ्या सासूपेक्षा वाईट हुता. केंद्राचं उरलेलं बियाणं मी मूठभर आणलं आन् घरामागं पिंप लावलं. तू कामावर गेलीस की. बिनपरवान्याचं. तुला सांगितलं असतं तर तुला जप्त करावं लागलं असतं. लागलं असतं का न्हाई?"

"लागलं असतं," ऊर्मिला म्हणाली.

"मग?"

"हे उकळता का तुम्ही? पासष्टवर नाही ठेवत?"

"सूर्यपेटी कुठनं आणू? जुन्या रीतीनंच करती. तासभर."

ऊर्मिला दगडावर बसली आणि तिनं सगळं सांगितलं. जळीत ऊस, दोन जाती, नासलेल्या प्रती, आणि आपलं पत्रक. विजूताई ढवळायच्या थांबल्या नाहीत.

"म्हंजे त्या बुरशीनं बी चौकशी केली न्हाई," त्या शेवटी म्हणाल्या.

"नाही."

"आईची किती बोटं गेली?"

"दोन."

विजूताईंनी पदरानं तोंड पुसलं. धूर होता म्हणून असेल. "जा तू आता," त्या म्हणाल्या.

जिल्हा केंद्राचे प्रमुख डॉ. चिरमुले यांनी ऊर्मिलाचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "उत्तम काम केलंत. उद्याच परिपत्रक काढू, पुन्हा उकळायला सुरुवात करा म्हणून. कारण लिहायची गरज नाही. इंधन अनुदान वगैरे काहीतरी लिहू. बियाणंही बदलून घेऊ, एका प्रतीचं."

"आणि ज्यांना त्रास झाला त्यांना?"

"बाई, विचार करा. औषधातली बुरशी रानात जाऊन बिघडते हे एकदा बाहेर गेलं, की चाळीस गावं केशरी टाकून देतील. मग सुया कोण पुरवणार? तुम्ही?" ते खरंच काळजीनं बोलत होते, तेच वाईट होतं. "एका बाईवर आळ आला, ती गावची गोष्ट आहे. तिला परत घ्या, विषय मिटला."

परतीच्या बसमध्ये ऊर्मिलाने त्यांच्या म्हणण्यात खोट शोधली. फारशी सापडली नाही. लोक केशरी टाकतील हे खरंच होतं. पण इंधन अनुदान म्हणून उकळायला सांगितलं, तर पुढच्या वर्षी अनुदान नाही म्हणून कुणीतरी पुन्हा पासष्टवर आणेल. तिच्यासारखंच कुणीतरी हुशार माणूस.

बुधवारी त्याच खोलीत तिनं बैठक बोलावली. यावेळी कागद वाचले नाहीत. जळका बुडखा आणला होता, तो मधे ठेवला. नारिंगी बुरशी दाखवली. पत्रक दाखवलं आणि सहीवर बोट ठेवलं. "वन्संनी काही केलं नव्हतं. चूक माझी होती, आणि त्यांच्यावर आळही मीच घेतला," ती म्हणाली. मग तिनं चाळीसही गावांच्या गटांना हेच फोनवर बोलून पाठवलं, कारणासकट.

डॉ. चिरमुले म्हणाले होते ते काही अंशी खरं झालं. सहा गावांनी केशरी बंद केली. हिंगणवाडीत त्या म्हाताऱ्यानं पुडी तिच्या पायापाशी टाकली आणि तो बायकोला घेऊन सुई टोचून घ्यायला तालुक्याला जाऊ लागला. ऊर्मिलाला चौकशी होईपर्यंत कामावरून दूर केलं. उरलेल्या गावांनी चोथा उकळायला घेतला, ढीग लांब हलवले, आणि महिन्याभरात आकडे उतरू लागले. तेवढं तिनं फोनवर रोज पाहिलं.

गटानं किल्ली विजूताईंना देऊ केली. त्यांनी एक अट घातली. टोळीतली अकरा नावं यादीत यायला पाहिजेत. अर्ज ऊर्मिलाने लिहिला. तो दोनदा परत आला, तिसऱ्यांदा मंजूर झाला. विजूताई खोलीत आल्या, पण घरी राहायला आल्या नाहीत. खोलीच्या मागच्या पडवीत चूल मांडली. भागीरथीबाई काठी टेकत, लंगडत दुपारी तिथं जाऊन बसायच्या.

गटातल्या बायकांच्या पाळ्या लागल्या तेव्हा ऊर्मिलाने आपलंही नाव दिलं. कुणी हो म्हणालं नाही, कुणी नाही म्हणालं नाही. तिच्या वाट्याला शनिवार आला.

ती सकाळी आठला गेली. चोथा भरला, पाणी घातलं, खाली जाळ केला. उकळी फुटली तशी तिनं घड्याळ लावलं आणि पूर्ण तास तिथून हलली नाही. वाफेनं तोंड लाल झालं होतं. विजूताई पडवीत सुपात काहीतरी निवडत होत्या.

"झाला तास," ऊर्मिलाने सांगितलं.

"खळखळा उकळलं?"

"खळखळा."

विजूताईंनी सूप बाजूला ठेवलं. उठल्या, आत आल्या, फडक्यानं झाकण उचललं आणि वाकून स्वतः पाहिलं.